नाणेघाटातला उलटा धबधबा आणि बंगालचा निम्नचाप

जुलैत नाणेघाटाच्या माथ्यावर पाऊस खालून लागतो. छत्री उघडताक्षणी उलटी होते. रेनकोटात पाणी शिरतं ते गळ्याकडून नव्हे, कमरेखालून. हनुवटीखाली, कानामागे, टोपीच्या काठाच्या आतल्या बाजूला, जिथे एरवी पाऊस पोचत नाही तिथे थेंब टोचत राहतात. पठारावरचे ओढे गवतातून वाहत कड्याच्या टोकाशी येतात, कोकणात उडी घेतात आणि काही हात खाली जातात न जातात तोच वाऱ्याच्या तावडीत सापडतात. धार फाटते, तिच्या चिंध्या होतात, चिंध्यांचे थेंब होतात आणि ते थेंब सरळ वर चढून, आपल्या डोक्यावरून मागे जाऊन पठारावर पडतात. तिथून ओढ्यात, ओढ्यातून पुन्हा कड्यावर. वारा पडेपर्यंत तेच पाणी असं फिरत राहतं.

पाणी वर कसं जातं, हा प्रश्न इथे येणारा प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं उत्तर फारसं अवघड नाही. मला त्याहून जास्त ओढ वाटते ती दुसऱ्या प्रश्नाची. ते आज वर जातं आणि चार दिवसांनी, पाऊस तितकाच असताना, निमूट खाली का पडतं? मी कोलकात्यात राहतो. या शहरात टेकडीसुद्धा नाही, मग कडा कुठला! पण नाणेघाटाचं पाणी कधी उलटं वाहणार हे सांगणारी बातमी पुष्कळदा आधी इथल्या वर्तमानपत्रात येते. ‘उत्तर बंगोपसागरात निम्नचाप’, म्हणजे कमी दाब, असा मथळा दिसला की इथले लोक बाजारहाट उरकून घेतात, कारण ठनठनिया आणि बेहालाच्या रस्त्यांवर पाणी तुंबणार हे त्यांना ठाऊक असतं. माझं लक्ष मात्र सह्याद्रीकडे जातं.

आधी थेंबाचं गणित. हवेतून पडणारा थेंब सारखा वेग वाढवत बसत नाही. वजन त्याला खाली खेचतं, हवा अडवते आणि थोड्याच अंतरात दोन्हींची बरोबरी होऊन वेग ठरून जातो. एक मिलिमीटर जाडीचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो, दोन मिलिमीटरचा साडेसहा मीटरने, पाच मिलिमीटरचा ९ मीटरने. जाडी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पण हवेला सापडणारा आडवा छेद चौपटच होतो. म्हणून मोठा थेंब जोरात पडतो. त्याला मर्यादाही आहे, कारण पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे थेंब टिकत नाही, हवेच्या दाबाने चपटा होऊन फुटतो. याचा अर्थ असा, की पाण्याचा कुठलाही सुटा थेंब स्थिर हवेत ताशी ३२-३३ किलोमीटरपेक्षा फार वेगाने पडूच शकत नाही. त्याहून जोराचा वारा खालून वर येत असेल तर तो थेंब खाली जाणार नाही. वाऱ्याबरोबर वर जाईल. गुरुत्वाकर्षण आपल्या जागी तसंच आहे, फक्त त्याला त्या क्षणी तोलाचा प्रतिस्पर्धी भेटलेला आहे.

मात्र हे लागू होतं ते सुट्या थेंबांना. ओढ्याला मोठा पूर आला असेल तर धारेचा गाभा एकसंध राहतो, वारा तिच्या कडा खरवडतो आणि बाकीचं पाणी दरीत जातं. फार थोडं पाणी असेल तर तुषार उडतात, पण धबधबा म्हणावा असं काही दिसत नाही. उलट्या धबधब्याला मधला ओढा लागतो. टोकावरून सुटल्यावर त्याचा पडदा काही हातांतच फाटला पाहिजे आणि वाऱ्याला भरपूर थेंब मिळाले पाहिजेत. नाणेघाटात तसे ओढे आहेत, कारण तिथल्या पठाराचं बहुतेक पाणी कड्याकडे येतच नाही. ते पूर्वेला जातं. कुकडी नदीचा उगम इथून जवळच, पूर गावच्या कुकडेश्वरापाशी आहे. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कड्याच्या अगदी काठावर पडलेलं थोडंसं पाणी तेवढं पश्चिमेला उतरून उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्रात जातं. दोन समुद्रांना वेगळं करणारी पाणलोटाची रेघ कड्यापासून काही फार लांब नाही. तेव्हा वारा चांगला पेटला असताना मागे फेकल्या गेलेल्या तुषारांपैकी काही त्या रेघेपलीकडे पडत असणार आणि अरबी समुद्राच्या वाटेला लागलेलं पाणी बंगालच्या उपसागराकडे वळत असणार. कड्यावर भिजत उभं असताना मला या विचाराचा फार आनंद होतो.

आता कडा. वारा आडवा वाहतो, मग त्याला उभं कोण करतं? कोकणातून नाणेघाटाकडे पाहिलं की काळी भिंत दिसते. पायथ्याला मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे आणि माथा समुद्रसपाटीपासून साडेसातशे-आठशे मीटरवर. ही भिंत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची आहे. भेगांतून उसळलेला लाव्हा एकावर एक थरांनी पसरला, थिजला, आणि पुढच्या काळात पश्चिमेकडची बाजू झिजत झिजत उभी राहिली. थरांच्या आडव्या रेघा भर पावसातसुद्धा मोजता येतात. दीड-दोन हजार किलोमीटर समुद्रावरून बिनअडथळा आलेला वारा कोकणपट्टी ओलांडून या भिंतीवर आदळतो. त्याला मागे फिरता येत नाही, कारण मागून आणखी वारा येतोच आहे. आत शिरता येत नाही. वाट उरते ती फक्त वर. त्यात नाणेघाट ही सलग भिंतीतली खिंड आहे. एका बाजूला नानाचा अंगठा, दुसऱ्या बाजूला जीवधन, आणि मध्ये नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली घळ. रुंद तोंडातून शिरलेली हवा अरुंद जागेतून बाहेर पडताना वेग घेते. सर्वांत जोर असतो तो टोकापाशी. कड्याच्या पायाशी हवा बरीच कोंडलेली असते, म्हणून धारेचा जो भाग वाऱ्याला चुकवून खूप खाली गेला तो मग खालीच पडतो.

वाऱ्याच्या जोराबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरच्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण १२ किलो वजनाइतका रेटा देतो. वेग ७० झाला की रेटा २३ किलोंच्या आसपास जातो. वेग दीडपटही झालेला नसतो, पण जोर दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. यामुळेच उलटा धबधबा हळूहळू ‘सुरू’ होत नाही. बराच वेळ पाणी नुसतं डगमगतं, आणि वाऱ्याचा एक मोठा झोत आला की सगळीच्या सगळी धार एकदम उठते.

हे दृश्य नाणेघाटापुरतं नाही. आंबोलीजवळ कावळेसाद इथे पठाराला पडलेल्या खोल घळीच्या तोंडाशी असंच होतं. पाटण तालुक्यात सडावाघापूरच्या पठारावरून पडणारे ओढेही उलटे उडतात, आणि त्याच पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. ज्यांना वाऱ्याचा पुरावा हवा असेल त्यांनी त्या पाहाव्यात. देशाबाहेर हवाईतल्या ओआहू बेटावर वाइपुहिया नावाचा धबधबा व्यापारी वाऱ्यांनी उलटा फिरतो, इंग्लंडमध्ये डर्बीशरचा किंडर डाउनफॉल पश्चिमेचा जोरदार वारा सुटला की वर फेकला जातो. उभा कडा, त्याच्याकडे तोंड करून येणारा वारा आणि मध्यम ओढा एवढं जुळलं की झालं. सह्याद्रीचं वेगळेपण असं की इथे धबधब्याला पाणी देणारा आणि तेच पाणी परतवणारा वारा एकच आहे. कड्यामुळे वर चढलेली समुद्रावरची दमट हवा थंड होते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात, ढगांचा पाऊस होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो या चढणीमुळे. कड्यामागच्या पुण्यात सातशेच्या आसपास पडतो, कारण चढण संपलेली असते. पाऊस पाडणारी ही चढण एरवी डोळ्यांना दिसत नाही. हवेला रंग नसतो. उलट्या धबधब्यात मात्र पाण्याचे थेंब तिच्यात सापडतात आणि वर चढणारी हवा स्पष्ट दिसू लागते. मोसमी पाऊस कसा पडतो हे मुलांना पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीने शिकवलं जातं. त्यांना जुलैत इथे आणलं तर तो बाण प्रत्यक्ष पाहायला मिळेल.

आता कोलकाता. या कड्याचं आणि या वाऱ्याचं शास्त्र ज्या दोन माणसांनी पुढे नेलं ते सख्खे भाऊ होते आणि दोघंही १८५५ साली कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागले. थोरला विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड, धाकटा हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड. हे खातं १८५१ मध्ये स्थापन झालं होतं आणि त्याचं मुख्यालय आजही चौरंगीवर आहे. विल्यमने पश्चिम आणि मध्य भारत पायाखाली घातला आणि दख्खनच्या लाव्हाच्या थरांवरचा त्याचा ग्रंथ १८६७ मध्ये खात्याने छापला. हेन्रीने दगड सोडून वारा धरला. तो प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत होता तेव्हा ५ ऑक्टोबर १८६४ ला कोलकात्यावर चक्रीवादळ आलं. हुगळीतून चढलेल्या समुद्राच्या लाटेने सुमारे ६० हजार माणसं मेली. त्या वादळाचा सविस्तर अहवाल गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी लिहिला. तो वाचताना जाणवतं की शोकाचा काळ संपण्याच्या आतच हे लोक जहाजांवरच्या नोंदी, वायुभारमापकाचे आकडे, वाऱ्याच्या दिशा गोळा करत होते. त्याआधी हेन्री पिडिंग्टनने याच शहरात बसून, जहाजांच्या नोंदवह्या तपासून, उपसागरातली वादळं गोल फिरतात हे दाखवून दिलं होतं. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं ते कोलकात्यातच आणि त्याचा पहिला प्रमुख होता हेन्री ब्लॅनफर्ड. खात्याचं मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्याला गेलं, १९२८ मध्ये पुण्याला आलं, १९४४ मध्ये दिल्लीला. शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. सिमल्याच्या आधी ते कोलकाता ऑफिस होतं, याची आठवण पुण्यात फारशी निघत नाही. निघायला हवी.

कारण आपल्याकडचा पश्चिमेचा वारा किती जोराने वाहील हे मोठ्या प्रमाणात पूर्वेला ठरतं. पावसाळ्यात राजस्थानपासून गंगेच्या मैदानावरून बंगालच्या उपसागराच्या माथ्यापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पडलेला असतो. वाऱ्याचा स्वभाव कमी दाबाकडे धावण्याचा, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे तो सरळ जाऊ शकत नाही, उजवीकडे वळत राहतो. परिणामी या पट्ट्याच्या दक्षिणेला, म्हणजे महाराष्ट्रावर, तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, म्हणजेच बंगाली वर्तमानपत्रांच्या भाषेत निम्नचाप आला, की पट्ट्याचं ते टोक आणखी खोल जातं. दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या दाबांतला फरक वाढतो आणि सगळ्या द्वीपकल्पावरचा पश्चिमेचा वारा जोर धरतो. असं क्षेत्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत डझनभरापेक्षा जास्त वेळा तयार होतं. ते बहुधा ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशा वाटेने पश्चिम-वायव्येकडे सरकतं, आणि ते सरकत असताना कोकण आणि घाटमाथ्यावर पावसाचा आणि वाऱ्याचा जोर बहुतेक वेळा वाढतो. बेहालात गुडघाभर पाणी साचतं आणि एक-दोन दिवसांत नाणेघाटाचा ओढा आकाशात उडतो. दोन्ही ठिकाणची माणसं आपापल्या पावसाबद्दल बोलत असतात. पाऊस एकाच घडामोडीचा असतो.

हे पडताळून पाहायला कुठलंही उपकरण लागत नाही. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये एक नियम मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर कमी दाबाचं ठिकाण डाव्या हाताला असतं. जमिनीलगत घर्षणामुळे वारा थोडा तिरपा होतो, म्हणून ते डावीकडे पण जरासं पुढे असतं. नाणेघाटात कड्यापासून पुरेसं मागे येऊन, कोकणाकडे पाठ करून उभे राहा. वारा पाठीवर घ्या. आता डावा हात खांद्याच्या रेषेत पसरा आणि थोडा पुढे आणा. हात ईशान्येकडे वळेल, त्या दिशेला मध्य भारत आहे, गंगेचं मैदान आहे, त्यापलीकडे बंगाल. कोलकाता इथून सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे.

वाऱ्याचा हा प्रवाह किती उंचीवर सर्वांत जोरात असतो, याचं उत्तर भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी दिलं. पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये दाखवलं की जुलैत दक्षिण भारतावर, जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर, पश्चिमेच्या अतिशय वेगवान वाऱ्याचा झोत असतो. पुढे १९६९ मध्ये फिंडलेटरने तो पार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून येतो हे उलगडलं आणि जगात त्याचंच नाव रूढ झालं. आपल्या पाठ्यपुस्तकांत जोसेफ आणि रामन यांची नावं यायला हवीत असं मला मनापासून वाटतं. सह्याद्रीचा माथा या झोताच्या गाभ्याच्या खाली येतो, पण त्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. म्हणून कोकणात, वैशाखऱ्याच्या भातखाचरांत, रोपं नुसती हलत असतात आणि त्याच वेळी माथ्यावर उभं राहणं मुश्कील होतं.

जोसेफ यांनी पुढे सिजीकुमार यांच्याबरोबर केलेल्या २००४ च्या अभ्यासातून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पाऊस भरात असतो तेव्हा हा झोत द्वीपकल्पाच्या मधून पूर्वेकडे जातो. पावसाने ओढ दिली की तो दक्षिणेला सरकतो आणि भारताला वळसा घालून श्रीलंकेच्या बाजूने निघून जातो. अशा वेळी कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. उत्तर बंगालमध्ये, जलपायगुडी-अलीपूरद्वारच्या बाजूला, नद्या फुगतात. कोलकात्यात घामाच्या धारा लागतात. महाराष्ट्रात शेतकरी आभाळाकडे बघतो. आणि नाणेघाटात आधीच्या पावसाचं पाणी ओढ्यात असलं तरी धबधबा सगळ्या धबधब्यांसारखा खाली पडतो. लांबून आलेले लोक तेव्हा निराश होऊन म्हणतात, हे सगळं व्हिडिओतच दिसतं. त्यात खोटं काही नसतं. फक्त त्या दिवशी पूर्वेला कमी दाब नसतो.

कोलकात्याचा स्वतःचा पाऊस या सगळ्यात वेगळ्या जातीचा आहे. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटरवर. हवेला चढवायला इथे डोंगर नाही. तिला वर उचलतं ते कमी दाबाचं क्षेत्रच. चारी बाजूंनी आत ओढली गेलेली हवा मध्यभागी दाटते आणि वर जाते. तरीही वर्षाला सोळाशे-सतराशे मिलिमीटर पाऊस इथे पडतो, पुण्याच्या दुपटीहून जास्त. डोंगर आणि दमट वारा यांची गाठ पूर्वेकडे पडते ती चेरापुंजीला. उपसागरावरून आलेली हवा बांगलादेशाच्या सपाट, पाण्याने भरलेल्या मैदानावरून जाऊन खासी टेकड्यांच्या दक्षिणेकडच्या कड्यावर आदळते. आपला कडा पश्चिमेकडे बघतो, तो दक्षिणेकडे, एवढाच काय तो फरक. जुलै १८६१ या एका महिन्यात चेरापुंजीला ९,३०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाबळेश्वरला अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या दीडपट.

नाणेघाटाला जायचं तर दोन वाटा आहेत. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट माथ्याजवळ जाते. दुसरी वाट जुनी आणि खरी. कल्याण-मुरबाड-टोकावडे करून वैशाखऱ्याच्या पुढे उतरायचं आणि रानातून, मग दगडी पायऱ्यांवरून अडीच-तीन तास चढायचं. हावड्याहून येणाऱ्याला हीच सोयीची, कारण गीतांजली एक्स्प्रेस कल्याणला थांबते. ही वाट चढताना वारा जाणवतच नाही, माणूस घामाने निथळतो आणि खिंडीच्या तोंडाशी आल्यावर एकदम अंगावर येतो तो झोत. दिवस निवडताना हवामान खात्याच्या अंदाजात कोकण आणि घाटमाथ्याबरोबर उत्तर उपसागरही वाचावा. मात्र लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर घरी बसावं. पावसाळ्यात अशा ठिकाणी जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढतं, ते कुणाची मजा घालवायला नसतात.

धोका कुठे आहे हेही वाऱ्याच्या भाषेतच कळतं. कड्यावरचा वारा माणसाला दरीत ढकलत नाही, उलट मागे रेटतो. म्हणून भीती चेपते. माणूस वाऱ्यावर रेलून, अंग पुढे झुकवून उभा राहतो, हात पसरतो, फोटो काढून घेतो. वारा सलग नसतो, झोतांनी येतो. ज्या क्षणी झोत थांबतो त्या क्षणी रेलायला काही उरत नाही आणि पुढे झुकलेलं शरीर पुढेच जातं. पायाखाली शेवाळलेला काळा दगड असतो. शिवाय कड्याच्या काठावरचं गवत वाऱ्याने सतत मागे विंचरलेलं असतं, त्याखालचा दगड कुठे संपतो ते कळत नाही. टोकापासून दोन माणसांच्या लांबीइतकं मागे थांबलं तरी उलटं पाणी तितकंच अंगावर येतं. काही लोक बाटल्यांची झाकणं, कागद दरीत फेकून ते परत वर येताना बघतात. थोडे येतात. बाकीचे खालच्या रानात जातात, जिथे माणसं राहतात आणि गुरं चरतात.

पुष्कळदा असंही होतं की माथ्यावर पोचावं आणि ढगात हातभर अंतरावरचंही दिसू नये. अशा दिवशी खिंडीतली गुहा पाहावी. इथून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नर आणि पैठणकडे जाणारा सातवाहनांचा व्यापारी रस्ता जात होता, पायऱ्या त्याच रस्त्याच्या आहेत आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही तिथेच आहे. गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणांची यादी आहे आणि भारतातले अगदी जुने लिहिलेले अंक आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरली आहेत आणि खाली पायांच्या खुणा.

१८२८ मध्ये ही गुहा कर्नल विल्यम साइक्सच्या नजरेस पडली. हा माणूस मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता आणि जाईल तिथे वायुभारमापक घेऊन जात होता. दख्खनच्या हवेवरचा त्याचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून, कोकणातून वर चढणाऱ्या धुक्यात आपल्या सावलीभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. गिर्यारोहक आज ज्याला इंद्रवज्र म्हणतात ते हेच. धुकंही त्याच वाऱ्याने कड्याला लागून वर आलेलं असतं, फक्त त्याचे थेंब इतके बारीक असतात की त्यांना वर ठेवायला वाऱ्याचा फार जोर लागत नाही.

नाणेघाटातली अक्षरं साइक्सला वाचता आली नाहीत. तेव्हा ती कुणालाच वाचता येत नव्हती. ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये कोलकात्यात जेम्स प्रिन्सेपने उलगडली. तो टांकसाळीत नाण्यांच्या धातूची पारख करायचा आणि एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचा संपादक होता. त्या नियतकालिकाच्या अंकांत, शिलालेख आणि नाण्यांवरच्या लेखांच्या शेवटी, टांकसाळीच्या कचेरीत रोज घेतलेल्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदींचा तक्ता छापलेला असे. पुढे १८७६ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटातल्या अंकांवर निबंध लिहिला आणि १८८३ मध्ये ब्यूलरने सगळा लेख वाचून प्रसिद्ध केला. गुहेत जाताना बॅटरी बरोबर ठेवावी आणि प्रकाश भिंतीवर समोरून न टाकता बाजूने, तिरपा टाकावा. तसं केलं की झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात.